स्पॅनिशमधलं 'माझं-तुझं': 'दे', 'सु' की 'सुयो'?

इंग्रजीतल्या 'अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस'सारखं काही स्पॅनिशमध्ये शोधत बसू नका, ते नाहीच. कोणाचं काय हे सांगायला तिथे मुख्यतः तीन वाटा आहेत.

मालकाचं नाव घ्यायचं असेल तर 'दे'. 'हुआनची गाडी' म्हणजे 'एल कोचे दे हुआन'. काम आपल्या 'चा-ची-चे'चंच, फक्त 'दे' लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही आणि क्रम उलटा लागतो. 'माझ्या मित्राच्या बहिणीची गाडी' म्हणजे 'एल कोचे दे ला एर्माना दे मि आमिगो'. आपण मित्रापासून निघून गाडीपाशी पोचतो, ते गाडीपासून निघून मित्रापाशी. 'दे'पुढे पुल्लिंगी उपपद 'एल' आलं की दोन्ही मिळून 'देल' होतं; 'तो' या अर्थाचा, डोक्यावर आघातचिन्ह असलेला 'एल' मात्र सुटाच राहतो.

'माझं', 'तुझं' म्हणायचं असेल तर 'दे' विसरा. 'एल लिब्रो दे मि' चूक. 'माझं पुस्तक' म्हणजे 'मि लिब्रो'च हवं. ही छोटी रूपं वस्तूच्या वचनाप्रमाणे बदलतात: 'मि लिब्रो', 'मिस लिब्रोस'. 'आमचं' लिंगही पाळतं: 'नुएस्त्रो पेर्रो', 'नुएस्त्रा कासा'. 'आमचा कुत्रा, आमचं घर' म्हणणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

खरी गोची 'सु'ची. त्याचं, तिचं, त्यांचं, तुमचं, सगळ्याला हा एकच शब्द. 'सु कासा' ऐकून घर कोणाचं ते संदर्भावरूनच कळायचं. शिवाय 'त्यांचं घर' म्हणताना मालक अनेक म्हणून 'सुस' लावायचा मोह होतो. तो टाळा: घर एक, तर 'सु कासा'च, 'सुस कासास' झालं की घरं अनेक. गोष्टीत दोन-तीन माणसं असतील तर मी सरळ 'दे'कडे वळेन: 'ला कासा दे एया' तिचं घर, 'ला कासा दे उस्तेद' तुमचं घर. वाक्य लांबतं, पण घोळ मिटतो.

'मीओ, तुयो, सुयो' ही लांब रूपं नामाच्या मागे किंवा एकटी येतात. 'माझा एक मित्र' म्हणजे 'उन आमिगो मीओ'. (ग्वाटेमालात मात्र 'उना मि आमिगा', म्हणजे 'एक माझी मैत्रीण', असंही ऐकू येतं, पाठ्यपुस्तकाला चालत नाही, आपल्या कानाला लगेच पटतं.) छत्री कोणाची असं विचारलं तर 'एस मीओ', ती माझी. पाच छत्र्यांतली माझी कोणती ते दाखवायचं तर 'एस एल मीओ'. छत्रीला स्पॅनिशमध्ये 'पाराग्वास' म्हणतात, शब्द पुल्लिंगी, म्हणून स्त्रीलिंगी 'मीआ' नाही.

शरीराच्या बाबतीत तिन्ही बहुधा बाजूला राहतात. 'मी हात धुतो' यात आपणही 'माझे' घालत नाही. तेही 'मे लावो लास मानोस' म्हणतात. 'माझं डोकं दुखतंय' इथे मात्र आपली सवय आड येते. 'मि काबेसा' नको, 'मे दुएले ला काबेसा' म्हणा. डोकं कोणाचं ते 'मे'नेच, म्हणजे 'मला'नेच, सांगून झालेलं असतं.