लाँगेय की लाव्हाल? माँट्रियलच्या उंबरठ्यावर घर शोधताना

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या माँट्रियलमध्ये मनाजोगतं घर बजेटात बसेना, म्हणून पाण्यापलीकडे नजर टाकली की ही दोन नावं हमखास समोर येतात. सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर लाँगेय, २०२१ च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे २ लाख ५४ हजार. उत्तरेला लाव्हाल, वस्ती सुमारे ४ लाख ३८ हजार. १९६५ मध्ये एका बेटावरच्या चौदा पालिका एकत्र करून झालेलं शहर. दोन्हीकडे कारभार फ्रेंचमध्ये चालतो. निवड खरी ठरते ती मेट्रोवर.

लाँगेयला मेट्रोचं स्टेशन एकच, पिवळ्या मार्गाचं टोक, १९६७ पासूनचं. पण तिथून दोनच स्टेशनांवर बेरी-युकाम, जिथे नारिंगी आणि हिरवा मार्ग मिळतात. दहा मिनिटांच्या आत शहराच्या मध्यावर. लाव्हालला २००७ पासून नारिंगी मार्गाची तीन स्टेशनं आहेत: कार्तिये, द ला काँकॉर्द आणि माँमोराँसी. शेवटच्या स्टेशनवरून बेरीला साधारण पंचवीस मिनिटं लागतात, मात्र गाडी बदलावी लागत नाही.

फसगत होते ती पत्त्यावर नुसतं शहराचं नाव बघून. लाव्हालची तिन्ही स्टेशनं बेटाच्या एकाच भागात आहेत. पूर्वेच्या सँ-फ्रांस्वा भागातून आधी बस धरावी लागते. लाँगेयमध्ये सँतुबेर भागाचं तसंच. ऑफिसच्या वेळी बस भरपूर असतात, रात्री आणि रविवारी विरळ होतात. उणे वीस अंशांत थांब्यावर वीस मिनिटं उभं राहणं म्हणजे काय, हे जुलैत घर बघताना लक्षात येत नाही. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी त्या थांब्याचं रविवार रात्रीचं वेळापत्रक काढा. तिकिटातही गोम आहे: माँट्रियल तिकिटाच्या 'ए' विभागात, तर ही दोन्ही शहरं 'बी' विभागात येतात, त्यामुळे माँट्रियलला जाण्या-येण्यासाठी 'एबी' पास लागतो. नुसता 'ए'चा स्वस्त पास इथल्या मेट्रोला चालत नाही.

ऑफिस माँट्रियलच्या मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ असेल, तर लाँगेयशेजारचं ब्रोसारही बघाच. जुलै २०२३ पासून तिथून आरईएम ही चालकविरहित गाडी थेट तिथवर जाते.

विमान किंवा अवकाश क्षेत्रात काम असेल तर आमचं मत सरळ लाँगेयला. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं मुख्यालय आणि कॅनेडियन स्पेस एजन्सी, दोन्ही तिथेच. मात्र सँतुबेरला विमानतळ आहे. घर बघायला गेलात की थोडा वेळ थांबून आवाज ऐका. जैवतंत्रज्ञानातल्यांना लाव्हाल बरं, तिथे या उद्योगाची स्वतंत्र वसाहत आहे.

डाळी, पिठं, मसाले यांसाठी माँट्रियलचा पार्क-एक्स्टेन्शन भाग. लाव्हालहून नारिंगी मार्गाने जाँ-तालाँ आणि तिथून निळा मार्ग, एकदाच बदल. लाँगेयहून दोनदा. दहा किलोची पिशवी हातात असली की हा फरक जाणवतो.

शाळेचा एक गैरसमज मात्र महागात पडतो. लाँगेयमधला ग्रीनफील्ड पार्क हा जुना इंग्रजी वस्तीचा भाग, म्हणून मुलांना इंग्रजी शाळा मिळेल असं धरून काही जण तिथे घर घेतात. सरकारी अनुदानाच्या शाळांत इंग्रजीचा हक्क पत्त्यावर नसतो. आई किंवा वडिलांचं प्राथमिक शिक्षण मुख्यतः कॅनडात इंग्रजीतून झालेलं असेल तर सहसा तो मिळतो. तात्पुरत्या वर्क परमिटवाल्यांच्या मुलांना सवलत आहे, पण जास्तीत जास्त तीन वर्षांची. बाकी मुलं फ्रेंच शाळेत. नवख्यांसाठी तिथे आधी भाषा शिकवणारे वर्ग असतात. मोठ्यांसाठी सरकारी फ्रेंच वर्ग मोफत आहेत, आल्याबरोबर नाव घाला.

घराच्या जाहिरातीत 'साडेचार' म्हणजे चार खोल्या आणि अर्धी म्हणजे बाथरूम. बहुतेक वेळा दोन बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर. क्वेबेकमध्ये घरमालकाला डिपॉझिट मागता येत नाही, फक्त पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. बहुतेक करार १ जुलैला सुरू होतात, म्हणून मार्च-एप्रिलपासून शोधा. सही करताना छापील नमुन्यातला 'जी' विभाग वाचा: मागच्या बारा महिन्यांतलं सर्वांत कमी भाडं मालकाने तिथे लिहायचं असतं. तो रिकामा असेल तर आधी भरून मागा.