त्झखाओच्या ‘इंग्रजी (दोन)’चा वाचन-सराव: नोव्हेंबर ते एप्रिल वापरून झाल्यावर

चीनमध्ये नोकरी सांभाळून पदवी घेण्याचा एक जुना रस्ता म्हणजे स्वयंअध्ययन परीक्षा, तिकडच्या बोलण्यात ‘त्झखाओ’. १९८१ साली बीजिंग, त्येनचिन, शांघाय आणि ल्याओनिंग इथे ती प्रयोग म्हणून सुरू झाली. वर्गात बसण्याची सक्ती नाही. एकेक विषय द्यायचा, १०० पैकी ६० मार्क पडले की तो सुटला. ‘इंग्रजी (दोन)’, म्हणजे जुना संकेतांक ०००१५ आणि नव्या आराखड्यातला १३०००, हा त्यातला पुष्कळांनी शेवटावर ढकललेला विषय. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या प्रौढांकडून या विषयाच्या वाचनाचा सराव एक पूर्ण सत्र करून घेतल्यानंतरचा हा अनुभव आहे. अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी मंडळींना तो कामी यावा.

साहित्य तीनच: मागच्या सत्रांच्या खऱ्या प्रश्नपत्रिकांचा सुटा संच (यांना तिकडे ‘चन-थी’ म्हणतात), फोनवरचं एक सराव-ॲप, आणि उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स.

आधी मार्कांचा हिशेब, कारण सरावाची दिशा त्यावर ठरते. पेपर १५० मिनिटांचा. विधान बरोबर, चूक की उल्लेख नाही हे ठरवायचे १० प्रश्न, १० मार्क. पर्यायी उत्तरांचे ५ प्रश्न, १० मार्क. परिच्छेदांचा आशय निवडणं आणि वाक्यं पुरी करणं, १० मार्क. उताऱ्यातून काढलेली वाक्यं जागच्या जागी बसवणं, १० मार्क. १२ शब्दांतून १० निवडून गाळलेल्या जागा भरणं, १५ मार्क. कंसातल्या शब्दाचं योग्य रूप हाताने लिहिणं, १५ मार्क. आणि निबंध, ३० मार्क. म्हणजे चौकोन काळे करून मिळणारे मार्क ५५, हाताने लिहून मिळणारे ४५. नुसत्या वाचनावर कुणी पास होत नाही, पण वाचनातले चाळीसेक खिशात असले की पुढचं ओझं निम्म्यावर येतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला पहिल्याच भागावर, आणि तो गेला तेच बरं झालं. चिनी शाळेतल्या ‘बरोबर की चूक’ प्रश्नांना दोनच उत्तरं असतात, त्यामुळे ‘नॉट गिव्हन’ हा तिसरा पर्याय अंगवळणी पडत नाही. उदाहरण घ्या. उताऱ्यात आहे: वसंतापासून गावातलं ग्रंथालय रविवारीही उघडं राहू लागलं आणि वाचक वाढले. पहिलं विधान: ग्रंथालय पूर्वीपासून रविवारी उघडं असे. हे फॉल्स, कारण ‘राहू लागलं’शी त्याची सरळ टक्कर होते. दुसरं विधान: रविवारी ग्रंथालय उघडावं अशी वाचकांची मागणी होती. ऐकायला पटतं. वाचक वाढले म्हणजे मागणी असणारच, असा विचार करून विद्यार्थी ट्रू लावतो. पण मागणीबद्दल उताऱ्यात अवाक्षर नाही, म्हणून नॉट गिव्हन.

यावर उपाय म्हणजे बोट ठेवणं, तेही अक्षरशः. ट्रू असो वा फॉल्स, ज्या ओळीच्या आधाराने उत्तर दिलं त्या ओळीचा क्रमांक शेजारी लिहायचा. ओळ सापडत नसेल तर तो फॉल्स नाही. तीन-चार आठवड्यांनी उलटी चूक सुरू होते: विधानातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा दिसला नाही की लगेच नॉट गिव्हन. उताऱ्यात ‘सेल्डम’ आणि विधानात ‘रेअरली’ असलं तरी. म्हणून दुसरा नियम जोडावा लागतो. नॉट गिव्हन लावण्याआधी विधानातल्या क्रियापदाचे आणि मुख्य नामाचे दोन समानार्थी शब्द मनात आणायचे आणि ते उताऱ्यात शोधायचे.

आकड्यांच्या विधानांवर वेगळं लक्ष द्या. चिनी माणूस दहा हजारांच्या ‘वान’मध्ये मोजतो, त्यामुळे ‘थ्री मिलियन’ला त्याला ३०० वान करावे लागतात. आपण तेच ३० लाख करतो, तेव्हा ही अडचण मराठी माणसाला समजावून सांगायला नको. घाईत एक शून्य इकडेतिकडे झालं की ट्रूचं फॉल्स होतं.

दुसरी मोठी अडचण वाक्यरचनेची, आणि इथे मराठी येणाऱ्या शिक्षकाच्या हातात एक चांगली किल्ली आहे. ‘द इंजिनिअर्स हू रिपेअर्ड द ब्रिज’ यात आधी अभियंते, मग त्यांचं वर्णन. चिनीत उलट: ‘श्यू छ्याओ द कुंगछंगश’, म्हणजे आधी पूल दुरुस्त करणं, मग ‘द’ हा जोडशब्द, शेवटी अभियंते. मराठीतही ‘पूल दुरुस्त करणारे अभियंते’. पण आपल्याकडे ‘ज्यांनी पूल दुरुस्त केला ते’ अशी दुसरी वाटही आहे, चिनीत ती नाही. म्हणून लांब इंग्रजी वाक्य आलं की विद्यार्थी शेवटापासून मागे वाचत येतो, प्रत्येक वाक्य दोनदा वाचतो आणि वेळ संपतो. आम्ही हू, विच, दॅट यांच्या आधी पेन्सिलीने तिरकी रेघ मारायला लावली. रेघेपर्यंत वाचा, थांबा, ‘कोणते?’ असं विचारा, मग पुढचा तुकडा. रोज दहा वाक्यं. मागे जाणं सुटायला सुमारे दोन महिने लागले, पण सुटलं.

वाक्यं बसवण्याच्या भागात पाच जागांना सहा वाक्यं असतात आणि प्रत्येकाला २ मार्क. दोन वाक्यांची अदलाबदल झाली की ४ गेले. सर्वनामं आणि ‘हाउएव्हर’, ‘धिस’, ‘सच’ हे दुवे आधी अधोरेखित करून घ्या. ‘धिस’ने सुरू होणारं वाक्य उताऱ्याच्या पहिल्या जागी सहसा बसत नाही, एवढं कळलं तरी एक पर्याय कमी होतो.

शब्द निवडण्याच्या भागात अर्थाकडे धावण्याआधी बाराही शब्दांवर नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण अशा खुणा करणं हाच खरा सराव. चिनीत ‘फाचान’ हा एकच शब्द ‘विकास’ही आहे आणि ‘विकसित होणं’ही. शब्दाचं रूप बदलत नाही. म्हणून ‘डेव्हलप’ आणि ‘डेव्हलपमेंट’ यांतला फरक कानाला खटकत नाही. पुढच्या रूप लिहिण्याच्या भागात हीच खोट १५ मार्कांवर येते.

आता ॲपबद्दल. शब्द पाठ करायला ते छान आहे, बसमध्ये उभ्याने होतं. वाचनाला मात्र घातक ठरलं. उताऱ्याच्या खालीच पूर्ण चिनी भाषांतर येतं. विद्यार्थी ते वाचतो आणि इंग्रजी समजलं असं त्याला वाटतं. शिवाय फोनवर उतारा आणि प्रश्न एकत्र दिसत नाहीत, रेघ मारता येत नाही, आणि परीक्षा तर कागदावर असते. जानेवारीपासून वाचन पूर्ण कागदावर आणलं. संचातही एक खोट आहे: मागच्या पानांत जुन्या रचनेचे पेपर मिसळलेले आहेत. पहिला भाग विधानांचा नसेल तर तो पेपर वेळ लावून सोडवू नका, सुटे उतारे म्हणून वापरा.

शेवटच्या सहा आठवड्यांत आठवड्याला एक पूर्ण पेपर घेतला. मिनिटांची वाटणी अशी जमली: विधानं १५, पर्याय १५, आशय आणि वाक्यं १८, वाक्यं बसवणं १५, शब्द १८, रूपं १७, निबंध ३५. उरलेली १७ मिनिटं तपासायला. टू-बी पेन्सिलीने चौकोन भरणं शेवटावर ठेवू नका, प्रत्येक भाग झाला की भरा. एक ओळ सरकली की खालची सगळी उत्तरं सरकतात. लिहायच्या भागांसाठी काळं पेन आधीच बाहेर काढून ठेवा.

एप्रिल हुकला तर पुढची संधी ऑक्टोबरमध्ये. त्या मधल्या काळात नवे पेपर शोधत बसण्यापेक्षा चुकलेल्या प्रश्नांच्या ओळी-क्रमांकांची वही पुन्हा सोडवून घ्या, या वेळी झाकलेल्या उत्तरांसह.