नाकाशी श्वास की पोटाची हालचाल: रोजच्या साधनेला कोणतं आलंबन?

आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणं, विपश्यना म्हणजे शरीर-मनात जे घडतंय ते जसंच्या तसं पाहणं; आलंबन म्हणजे लक्ष टेकवायची जागा. प्रश्न ध्यानाच्या शिबिरानंतरचा आहे. घरी रोज बसायचं तर लक्ष कुठे ठेवायचं? म्यानमारचे ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडून त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंकांकडे आलेल्या पद्धतीत ते नाकपुड्यांखाली, वरच्या ओठाच्या वर, श्वासाचा स्पर्श कळेल तिथे ठेवतात. बौद्ध भिक्षू महासी सयाडॉंच्या पद्धतीत ते पोटावर असतं आणि मनातल्या मनात 'फुगतंय, बसतंय' अशी नोंद चालते. दोन्ही परंपरा म्यानमारच्या, दोन्हींचा आधार सतिपट्ठान सुत्त, म्हणजे सजगतेवरचा बुद्धाचा उपदेश. तेव्हा खरी कोणती, या वादात पडत नाही.

एकाग्रतेच्या बाबतीत नाकाची बाजू वरचढ आहे, हे मान्य करायलाच हवं. जागा लहान, त्यामुळे मन लवकर सूक्ष्म होतं. गोयंकांच्या १० दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापानाला देतात ते उगाच नाही. पुढे श्वासही इतका सूक्ष्म होतो की सापडेनासा होतो, आणि नेमके इथेच बरेच जण तो ओढायला लागतात. शोधाशोध न करता स्पर्शाच्या जागीच वाट पाहावी, असं विसुद्धिमग्ग हा जुना पाली ग्रंथ सांगतो. मन सुस्तावलं असेल तर थोडे श्वास मुद्दाम जोरात घ्यावेत आणि पुन्हा नैसर्गिक श्वासावर यावं.

मला अडलं ते दुसरीकडे. डोळे मिटून नाकाशी लक्ष लावलं की पापण्यांआड बुबुळं हळूहळू नाकाच्या शेंड्याकडे वळतात. भुवयांच्या मधे ताण येतो, कपाळ जड होतं, आणि बैठक संपल्यावरही तो ताण रेंगाळतो. उपाय आहेत: लांबवर पाहत असल्यासारखे डोळे सैल सोडायचे, जबडा ढिला ठेवायचा, लक्षाची जागा ओठापासून नाकाच्या मुळापर्यंतच्या त्रिकोणाएवढी मोठी करायची. बसलेलं असताना हे उपाय लागू पडतात. पण चालता-बोलता, कामाच्या घाईत नाकाशी श्वास पकडायला गेलं की ताण पुन्हा हजर! शिवाय बोलताना तिथला स्पर्श नीट कळतही नाही. प्रत्येकाला असं होईलच असं नाही. कित्येकांना वर्षानुवर्षं काही होत नाही. पण तुमची भुवई आधीच आखडत असेल, तर हा मुद्दा माझ्या मते बाकी सगळ्यांवर भारी पडतो.

पोटाचेही त्रास आहेत. नोंदीला ठेका आला की श्वास त्या ठेक्यावर नाचायला लागतो, आणि साधक पोट ढकलून फुगवतो. म्हणून हालचाल सुरू झाल्यावरच नोंद सुरू करावी, ती संपेपर्यंत लांबवावी. शब्द पुसट ठेवावा, बहुतेक लक्ष जाणवण्यावर असावं. हालचाल कळतच नसेल तर काही दिवस पोटावर तळहात ठेवावा. दोन श्वासांमधे पोकळी वाटली तर 'बसलोय, टेकलंय' अशी नोंद भरावी. विचार आला तर 'विचार, विचार', आणि तो विरला की परत पोट. पाय दुखून हलावंसं वाटलं तर आधी ती इच्छा नोंदायची, मग पाय हलवायचा.

ही शेवटची सवयच दिवसभर उपयोगी पडते. सतिपट्ठान सुत्तातला संपजञ्ञाचा, म्हणजे जाणतेपणाचा, भाग पाहा: पुढे जाणं, मागे येणं, हात-पाय आखडणं, पसरणं, खाणं-पिणं, बोलणं, गप्प राहणं, सगळं जाणतेपणाने. नोंद करणाऱ्याला यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही. कुणी टोचून बोललं की 'राग, राग', मग छातीतली ऊब, मग 'उत्तर द्यावंसं वाटतंय'. ती इच्छा दिसली की उत्तराआधी क्षणभर फट मिळते. कृतीच्या आधी, कृती चालू असताना आणि नंतर तपासून पाहा, हा बुद्धाने आपला मुलगा राहुलला केलेला उपदेश त्या फटीत बसतो. गोयंकांच्या पद्धतीत अंगावरच्या संवेदना समतेने पाहूनही हेच साधतं, हे खरं. पण त्यासाठी शरीर-निरीक्षण पक्कं मुरलेलं लागतं.

शब्दांनी ज्यांच्या डोक्यात आणखी बडबड सुरू होते, त्यांनी मात्र नाकाशीच राहावं. दुखण्यामुळे चालणं जमत नसेल, तरीही तेच बरं, कारण महासी पद्धतीचा निम्मा कस चंक्रमणात, म्हणजे सजगपणे चालण्यात, आहे.

पोट निवडलंत तर नुसतं बसू नका. तासभर असेल तर आधी वीस मिनिटं चंक्रमण करा. सुरुवातीला 'डावा, उजवा', लक्ष टिकलं की 'उचलतोय, ठेवतोय', पुढे 'उचलतोय, नेतोय, ठेवतोय'. नजर चार-सहा पावलं पुढे जमिनीवर. वळताना थांबून 'उभा', मग 'वळतोय'. नंतर चाळीस मिनिटं बैठक. पहिले काही महिने दोन्ही पद्धतींची एकाच बैठकीत सरमिसळ करू नका. त्रास झाला तर तो कशाने झाला, तेच कळणार नाही.