सेव्हिलच्या कॅथेड्रलबाहेर 70 युरो गेले

स्पेनला जाणाऱ्यांनो, सेव्हिलच्या कॅथेड्रलबाहेर कुणी हिरवी काडी पुढे केली तर हात खिशात घाला. मी घातले नाहीत. 70 युरो गेले, म्हणजे आपले साडेसहा हजारांच्या वर.

आमचं 11.30 चं तिकीट होतं. हे रांग बघायला पुढे गेले. मी मान वर करून हिराल्दा बघत होते. मशिदीचा जुना मनोरा, तोच घंटाघर म्हणून ठेवलेला. तेवढ्यात एका वयस्कर बाईने माझ्या उजव्या तळव्यावर रोझमेरीची, म्हणजे एका सुवासिक झुडपाची, काडी ठेवली. देवाच्या दारात हातावर कुणी काही ठेवलं तर आपण झिडकारतो का? मी तर ती कपाळालाही लावली! तोवर तिने हात घट्ट धरून रेषांवरून बोट फिरवायला सुरुवात केली होती. ‘फॅमिली, बेबी, गुड लक.’

मी 2 युरोचं नाणं काढलं. तिने ते परत केलं. नाण्याने अपशकुन होतो, कागदाचे पैसे दे. इथे, अगदी इथे मला कळायला हवं होतं. आपल्याकडे आहेराच्या पाकिटाला वर रुपयाचं नाणं लावल्याशिवाय पाकीट देत नाहीत आणि मी नाण्याचा अपशकुन ऐकून घेतला! 20 ची नोट दिली. ‘नवऱ्यासाठी पण’ असं खुणेने सांगत तिने उघड्या पाकिटातली 50 ची ओढली आणि सुट्टे आणते म्हणून गर्दीत गेली. मी शाळेच्या ऑफिसात 28 वर्षं रोख सांभाळली आहे, कधी रुपयाचा फरक आला नाही. मी भोळी नाही. पण हात धरलेला असताना माणूस हिशेब करत नाही.

पैसे भरलेले म्हणून आत गेलो. कोलंबसाची शवपेटी खांद्यावर घेतलेले ते चार पुतळे समोर होते आणि माझ्या डोक्यात फक्त 70, 70. आमचे हे पायऱ्यांऐवजी असलेले 35 उतार चढून हिराल्दावर जाऊन आले, मी खालीच बसले.

चौकातल्या पोलिसाने खांदे उडवले: तुम्हीच दिलेत ना? मग चौकी. तिथे 2 तास 10 मिनिटं बाकावर. इंग्रजी जाणणारा जेवायला गेलेला. तो आल्यावर पहिला प्रश्न, ‘तिचं नाव काय?’ मी सांगितलं, ती आत्ताही तिथेच असेल, चला. कुणी उठलं नाही. रोज त्याच दारात उभ्या राहणाऱ्या बायका पर्यटकांना दिसतात, पोलिसांना दिसत नाहीत? 20 ची नोट ‘स्वखुशीने’ लिहून घेतली, तक्रार फक्त 50 ची. कागद सगळा स्पॅनिशमध्ये, सही इथे करा.

पाकीट रस्त्यात उघडू नका. सुट्टे वेगळ्या खिशात. ‘नो, ग्रासियास’ (नको, धन्यवाद) म्हणा आणि थांबू नका, काडी खाली पडली तर पडू दे. आणि प्रवास विमा घेताना रोख रकमेचं कलम आधी वाचा. आमच्या कंपनीने त्या स्पॅनिश कागदाचं इंग्रजी भाषांतर मागितलं, त्याचे 1,200 रुपये मी भरले आणि काल उत्तर आलं: रोख पैसे पॉलिसीत बसत नाहीत.