अँटेना काढली तरी ‘स्ट्रॅटम १’: नकली जीपीएस टाइम सर्व्हरपासून सावध

रॅकमध्ये बसणारा, उपग्रहांकडून वेळ घेऊन ती ऑफिसच्या नेटवर्कला देणारा काळा डबा, समोर हिरवा ‘जीपीएस लॉक’ दिवा, मागे अँटेनाचा एसएमए सॉकेट आणि सोबत २० मीटर केबल. कोटेशनमध्ये लिहिलं होतं: यू-ब्लॉक्स कंपनीचा एलईए-एम८टी टायमिंग (अचूक वेळेसाठीचा) रिसीव्हर, ओसीएक्सओ (तापमान स्थिर ठेवलेला अचूक क्रिस्टल), स्ट्रॅटम १ (थेट मूळ घड्याळावरून वेळ घेणारा सर्व्हर). गच्चीवर अँटेना बसली. सर्व्हर, सीसीटीव्ही, हजेरीचं मशीन सगळं त्या डब्यावर टाकलं गेलं आणि वेळ बरोबर दिसत राहिली. मग इंटरनेटची लाइन काही दिवस बंद पडली आणि सगळी घड्याळं एकदमच, एकाच दिशेने सरकू लागली, दिवसाला सुमारे दीड सेकंद. डब्याचा दिवा मात्र हिरवाच. डब्याला विचारलं तर उत्तर तेच: स्ट्रॅटम १, संदर्भ जीपीएस.

दिवसाला दीड सेकंद म्हणजे साधारण १७ पीपीएम (दहा लाखांत १७ भाग). ही चूक स्वस्त बोर्डावरच्या साध्या क्रिस्टलची. चांगला ओसीएक्सओ ०.०१ पीपीएमच्या आत राहतो, म्हणजे दिवसाला एक मिलिसेकंदही हलत नाही.

झाकण उघडल्यावर उलगडा झाला. सॉकेटची मधली पिन कशालाच जोडलेली नव्हती. रिसीव्हरला फक्त वीज दिलेली, त्याची डेटाची तार बोर्डापर्यंत पोचतच नव्हती. ती तार यूएसबी-सिरियल अडॅप्टरला लावून ९६०० बॉडवर ऐकलं, तर सुरू होतानाच ‘एमए=कॅसिक’ आणि ‘आयसी=एटी६५५८’ अशा ओळी आल्या. म्हणजे एलईए-एम८टी हे नुसतं वर चिकटवलेलं स्टिकर. एटी६५५८ ही दुसऱ्या कंपनीची चिप वाईट नाही, रस्ता दाखवायला उत्तम चालते. पण पैसे टायमिंग रिसीव्हरचे घेतले होते. ओसीएक्सओचा तर पत्ताच नव्हता.

खरी हुशारी कॉन्फिगरेशनमध्ये होती. एनटीपीच्या (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रणालीच्या) फाइलीत डब्याच्या स्वतःच्या लोकल घड्याळाला, म्हणजे १२७.१२७.१.० ला, ‘फज’ची ओळ लावून स्ट्रॅटम ० (मूळ घड्याळाचा दर्जा) आणि रेफआयडी (वेळेच्या स्रोताचं नाव) ‘जीपीएस’ दिलेला. एवढ्यावर कुठलंही मशीन जगाला ‘मी स्ट्रॅटम १’ असं सांगू लागतं. आणि दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीतून) गुपचूप इंटरनेटवरच्या सर्व्हरशी घड्याळ जुळवून घ्यायचं. १७ पीपीएमने तासाभरात सुमारे ६० मिलिसेकंद चूक साचते, मग ती पुसली जाते. क्लायंटवरचा (वेळ घेणाऱ्या मशीनवरचा) ऑफसेटचा, म्हणजे फरकाचा, आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. असा आलेख दिसला की तिथेच थांबा. खऱ्या पीपीएसवर (रिसीव्हरच्या दर सेकंदाच्या ठोक्यावर) चालणाऱ्या सर्व्हरशी लॅनवर फरक मायक्रोसेकंदांत राहतो.

पैसे देण्याआधी एवढं तपासा. मल्टिमीटर डीसीवर ठेवून अँटेना सॉकेटच्या मधल्या पिनवर व्होल्टेज मोजा. गच्चीवरच्या अॅक्टिव्ह अँटेनाला वीज त्याच केबलमधून जाते, त्यामुळे ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य दिसलं तर पुढे बोलायची गरज नाही.

मग डबा लॅपटॉपला थेट केबलने जोडा, इंटरनेट अजिबात नको. अँटेना न लावता चालू करा. खऱ्या सर्व्हरने ‘सिंक नाही’ असंच सांगायला हवं: लीप इंडिकेटर ३, आणि क्रॉनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह. चालू होताच स्ट्रॅटम १ सांगणारा डबा खोटं बोलतोय. आता मोकळ्या आभाळाखाली अँटेना लावा आणि घाई करू नका. जीपीएसचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. लीप सेकंदांचा आकडा (जीपीएसची वेळ आणि जागतिक वेळ यांतला फरक) त्यातच असतो. तो येईपर्यंत काही रिसीव्हर १८ सेकंद पुढे दाखवतात, ती फसवणूक नव्हे. (तारीखच १९ वर्षं ७ महिने मागे आली, तर मात्र जुना माल गळ्यात पडलाय. जीपीएसची आठवड्यांची मोजणी दर १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते, ती गफलत.)

शेवटी अँटेना काढून ‘रूट डिस्पर्शन’ (आपली वेळ किती चुकलेली असू शकते, याचा सर्व्हरचा अंदाज) पाहत राहा. प्रामाणिक सर्व्हरचा हा आकडा हळूहळू वाढतो, कारण आपली खात्री कमी होतेय हे तो कबूल करतो. नकली डब्यात तो जागचा हलत नाही.

मॉड्यूल यू-ब्लॉक्सचा म्हणून विकत असतील तर यू-सेंटर या यू-ब्लॉक्सच्याच सॉफ्टवेअरमधून ‘मॉन-व्हर’ (आवृत्ती विचारणारा) संदेश पाठवायला लावा. एम८टी असेल तर फर्मवेअरच्या नावात ‘टिम’ येतं. ‘एसपीजी’ आलं तर तो साधा पोझिशनिंगचा. काहीच उत्तर नसेल तर बहुधा यू-ब्लॉक्सच नाही.

असे डबे खपवताना ‘सर्ट-इनच्या नियमाप्रमाणे जीपीएस घ्यावंच लागतं’ अशी भीती घातली जाते. पण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, घड्याळं जोडायला सांगितलं आहे. लॉगपुरती वेळ हवी असेल तर ते फुकटात होतं.

व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक संरक्षण कायद्याचं छत्र सहसा मिळत नाही, म्हणून जे हवं ते खरेदी आदेशातच लिहा: रिसीव्हरचा मॉडेल क्रमांक आणि ‘मॉन-व्हर’चं उत्तर, ऑसिलेटरचा प्रकार, अँटेना काढून २४ तासांत किती मायक्रोसेकंदांची चूक चालेल तो आकडा, आणि ही चाचणी तुमच्या जागेवर, इंटरनेटविना पार पडेपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवण्याची अट.