ई४ की डी४?

बुद्धिबळात पांढरी घेऊन पहिली चाल कुठली, ई४ (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) की डी४ (वजिरासमोरचं), यात अडकला असाल तर यूट्यूबवरचं 'दहा चालीत मात' वगैरे सोडून द्या, सेंटर, म्हणजे पटाची मधली घरं, कोणाकडे राहतं ते बघा.

ई४ ने डी५, एफ५ वर कंट्रोल येतो, वजीर आणि उंट दोघांची वाट मोकळी होते आणि चौथ्या चालीलाच कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल, राजा सुरक्षित) होतं. पण ते प्यादं उघडं असतं, लगेच सांभाळावं लागतं. डी४ च्या मागे वजीर आधीच उभा, म्हणून निवांत.

अभ्यास ई४ ला जास्त, कारण काळा उत्तरात ई५, किंवा सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान असे बचाव, काहीही काढतो. डी४ मध्ये लंडन (ठरलेल्या मांडणीची एक ओपनिंग) लावलं तर बहुतेकांसमोर तोच सेटअप चालतो, जरा बोअर आहे खरं. क्वीन्स गॅम्बिट (सी४ चं प्यादं देऊ करणं) मात्र भारी! डी४ डी५, सी४ वर काळ्याने प्यादं खाल्लं, तुम्ही ई३, त्याने बी५ ने ते धरून ठेवलं तर ए४, सी६, मग बी५ वर मारामारी झाली की वजीर एफ३ ला, कोपऱ्यातला हत्ती थेट टप्प्यात, काहीतरी जातंच.

नवीन असाल, टॅक्टिक्स (छोटे डावपेच) पक्के करायचेत तर ई४. वेळ कमी आणि हळूहळू दाबत जायला आवडत असेल तर डी४.