लिचेसचा अ‍ॅनालिसिस बोर्ड, प्याद्यांच्या एंडगेमसाठी

शनिवार-रविवार खानापूरहून भाचा येतो बेळगावला आमच्याकडं, मग आम्ही दोघं बुद्धिबळाचा पट मांडून बसतो. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत तो काळ्या सोंगट्या घेऊन खेळताना हरला, शेवटी पटावर तीनच सोंगट्या होत्या, समोरच्याचा राजा ई५ वर, प्यादं ई४ वर आणि ह्याचा राजा ई७ वर. घरी येऊन लिचेस ह्या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर, सोंगट्या हव्या तशा मांडता येतात त्या बोर्ड एडिटरमध्ये मांडलं आणि अ‍ॅनालिसिस बोर्डवर बघितलं तर कॉम्प्युटरचा आकडा ०.०. "मामा, हा तर बरोबरी म्हणतोय, मग मी हरलो कसा?" तोंड एवढंसं झालं होतं पोराचं. मग बघितलं तर एडिटरमध्ये चाल पांढऱ्याची ठेवलेली, डावात मात्र चाल ह्याची होती. ते बदललं आणि लगेच पांढरा जिंकतोय म्हणून दाखवलं!

सोंगट्या त्याच, घरं तीच, फक्त चाल कुणाची एवढ्यावर अख्खा डाव फिरला. ऑपोझिशन म्हणतात ते हेच, राजे समोरासमोर आले की ज्याला हलावं लागतंय तो मागं सरतो. पांढऱ्याला हलावं लागलं तर तो ज्या बाजूला जाईल त्या बाजूला काळा परत समोर येऊन उभा राहतो आणि वाट अडते. हेच सगळं एक घर पुढं ढकला, राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८, तर चाल कुणाचीही असू दे पांढरा जिंकतो. हे मी त्याला तोंडानं किती वेळा सांगितलं असेल, पण स्वतः चाल बदलून बघितल्यावर जे डोक्यात बसलं ते कायमचं.

आता अ‍ॅनालिसिस बोर्ड दाखवतो त्या आकड्यांबद्दल, कारण बहुतेकांची गडबड इथंच होते. +१.०० दिसलं की आपण म्हणतो एक प्यादं जास्त आहे. पण हा आकडा देणारं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, स्टॉकफिश, त्याच्या १५.१ आवृत्तीपासून आकड्याचा अर्थ वेगळा आहे, साधारण तोडीच्या इंजिनांत तो डाव खेळवला तर निम्म्या वेळा जिंकण्याची शक्यता, म्हणजे +१.००. हा झाला अंदाज. प्याद्यांच्या शेवटात अंदाजाला फार जागाच नसते, जिंकलं, हरलं नाहीतर बरोबरी, मधलं काही नाही. म्हणून +०.८ दिसलं तर "थोडं बरं आहे" म्हणून पुढं जाऊ नका, थांबा आणि नक्की काय आहे ते शोधा, हत्तींची मारामारी करून प्याद्यांवर डाव नेणार असाल तर आधीच शोधा.

त्यासाठी लिचेसवर टेबलबेस, म्हणजे आधीच सोडवून ठेवलेल्या पोझिशनचा साठा, आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. राजे धरून पटावर सात किंवा कमी सोंगट्या राहिल्या की प्रत्येक चालीपुढं जिंकणारी, बरोबरीची, हरणारी असं सरळ लिहून येतं, आणि हा अंदाज नव्हे, शेवटपर्यंत मोजून ठेवलेलं असतं. एक लक्षात ठेवा, शेजारी डीटीझेड म्हणून आकडा असतो तो मात किती चालीत ते सांगत नाही, पुढची मारामारी किंवा प्याद्याची चाल किती अर्ध्या चालींवर आहे ते सांगतो, आम्ही सुरुवातीला तिथं फसलो.

बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीची १९२१ सालची ती प्रसिद्ध रचना मांडून बघा की, पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५, चाल पांढऱ्याची. काळ्याचं प्यादं हातातून सुटलंय असंच वाटतं. पांढऱ्याला चालीच चार आहेत, टेबलबेसमध्ये तीन हरणाऱ्या आणि राजा जी७ एवढीच बरोबरीची. का, ते मात्र कॉम्प्युटर बोलून सांगत नाही. राजा तिरका चालत एकाच वेळी दोन्ही प्याद्यांकडं सरकतो हे भाच्यानं पाऊण तास बसून स्वतः शोधलं, चहा गार झाला तरी उठला नाही, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पैसे शून्य, जाहिराती नाहीत. प्रॅक्टिस विभागात ऑपोझिशनचे आणि मोक्याच्या घरांचे धडे आहेत ते आधी करा, मग टेबलबेसकडं या. नुसतं उत्तर बघण्यापेक्षा तिथूनच पुढं कॉम्प्युटरविरुद्ध खेळायची सोय आहे ती वापरा, भाचा आता ती ई५-ई७ वाली पोझिशन दोन्ही बाजूंनी न चुकता खेळतो.